हेलिकॉप्टर शिकवताना ‘अंदाज चुकला’ म्हणजे नक्की काय होतं? लेक शिकायलीय, जाणकारांनी सांगावं

मांजराकाठ

नमस्कार मंडळी. मी औशाचा. मोटार रिवायंडिंगचं दुकान आहे, त्यामुळं यंत्राचं थोडंफार कळतं, पण उडणाऱ्या यंत्राचं काहीच नाही. थोरली मुलगी १९ वर्षांची, राज्याबाहेर एका संस्थेत हेलिकॉप्टरच्या कमर्शियल लायसन्सचं शिकायलीय. त्यापायी दीड एकर गेलं, ते असो.

मागच्या आठवड्यात त्या संस्थेचं एक हेलिकॉप्टर आपटलं. माझी मुलगी त्यात नव्हती. तिच्या खोलीवर राहणारी पोरगी होती आणि शेजारी शिकवणारे सर. दोघंही वाचले. पोरीचा मणका दबलाय, सरांच्या हनुवटीला टाके पडले. हेलिकॉप्टरची शेपूट तुटून बाजूला पडली. मुलीनं फोनवर एवढंच सांगितलं, "पप्पा, ऑटो करताना झालं. सरांचा अंदाज चुकला." पुढं गप्प. आणि आमची पोर गप्प बसणारी नाही, तेच जास्त लागायलंय.

घरात रोज पंचायत भरते. थोरले बंधू म्हणतात, उद्याच्या उद्या घेऊन ये. तिची आई ताटावर बसते आणि उठते. मला काही गोष्टी कळेनात. इंजिन चालू होतं म्हणे, मग पडलंच कसं? सर पाच हजार तास उडालेले, अशा माणसाचा अंदाज कसा चुकतो? आणि शिकाऊ पोरीला शेजारी घेऊन इंजिन बंद पडल्याची नाटकं करायचीच कशाला?

हेलिकॉप्टर मी पहिल्यांदा बघितलं ते १९९३ ला, किल्लारीच्या भूकंपानंतर. बारा वर्षांचा होतो. धुळीनं डोळे भरले तरी आम्ही पोरं त्याच्यामागं पळत होतो. त्या दिवसांत दुसरं काही बघण्यासारखं नव्हतंच. मुलीला लहानपणी झोपवताना तीच गोष्ट सांगायचो. आता बंधू म्हणतात, तूच डोक्यात भरवलंस.

जालन्याचा पावणा

भाऊ, राग मानू नका, पण लेकीला परत आणा. जमीन परत घेता येते. आणि एक सांगा, ऑटोवर टाकलं होतं तर माणसाचा अंदाज चुकायचा प्रश्नच कुठं येतो? मशीन बिघडली असणार आणि आता पायलटवर ढकलायलेत. सगळीकडं हेच चालतं. जनरल रावत साहेबांचं हेलिकॉप्टर कुन्नूरला पडलं तेव्हा पण शेवटी पायलटवरच आणून ठेवलं.

बालाघाटचा म्हातारा

ऑटो म्हणजे ऑटोपायलट नव्हे हो पावणं. ऑटोरोटेशन. इंजिन गेल्यावर हेलिकॉप्टर खाली आणायची रीत. आणि कुन्नूरचं म्हणाल तर ८ डिसेंबर २०२१ च्या त्या अपघाताची तिन्ही दलांनी मिळून चौकशी केली होती. हवामान अचानक बदललं, हेलिकॉप्टर ढगात शिरलं, वैमानिकाला वर-खाली कळेनासं झालं आणि चालू स्थितीतलं यंत्र डोंगराला धडकलं, असा निष्कर्ष निघाला. ढकलाढकली वेगळी आणि हे वेगळं. असो, तो विषय नाही.

औसेकर, मी धारूर तालुक्यातला. लष्कराच्या एव्हिएशनमध्ये होतो. चेतक आणि चीता ही हेलिकॉप्टरं उडवली, पुढं काही वर्षं शिकवायलाही होतो. आता सीताफळाची बाग आहे आणि गुडघे आहेत. तुमच्या मुलीच्या संस्थेत काय घडलं ते बघायला मी तिथं नव्हतो, त्यावर बोलणार नाही. पण शिकवताना माझ्या हातून एक हेलिकॉप्टर मोडलंय. त्यावर बोलतो.

आधी यंत्र. मळणीयंत्राचा पट्टा निसटला तर ड्रम जागेवर थांबतो का? नाही, वजन असतं, घुमत राहतो. हेलिकॉप्टरच्या वरच्या पंख्याचं तसंच. इंजिन गेलं की मधला फ्रीव्हील सुटतो आणि पंखा मोकळा होतो, सायकलचं पायडल थांबवलं तरी चाक फिरतं तसा. पण हा पंखा हवेला कापत असतो, त्यामुळं झपाट्यानं मंदावतो. तेव्हा डाव्या हातातला दांडा, कलेक्टिव्ह म्हणतात त्याला, लगेच खाली दाबायचा. लगेच म्हणजे एक-दीड सेकंदात. पात्यांचा कोन कमी होतो, हेलिकॉप्टर खाली यायला लागतं, आणि आता खालून वर येणारा वाराच पंख्याला फिरवतो. पाटोद्याच्या डोंगरावरच्या पवनचक्क्या बघितल्या असतील. त्यांना वाऱ्याची वाट बघावी लागते, हेलिकॉप्टरला तो पडण्यातनंच मिळतो.

खोटं वाटत असेल तर ऐका. २१ जून १९७२ ला झाँ बुले नावाच्या फ्रेंच वैमानिकानं लामा जातीचं हेलिकॉप्टर १२,४४२ मीटरवर नेलं, एव्हरेस्टपेक्षा साडेतीन हजार मीटर वर. तिथं इंजिन विझलं. तेवढ्या उंचीवरून तो गडी ऑटोरोटेशननं खाली आला, धडधाकट. आपलं चीता म्हणजे तेच लामा, हिंदुस्थान एरोनॉटिक्सनं आपल्याकडं बनवलेलं. ही गोष्ट आम्ही नव्या पोरांना पहिल्याच आठवड्यात सांगायचो, भीती मोडावी म्हणून. बुलेकडं वेळ भरपूर होता हे मात्र सांगायचो नाही. शेवटच्या ५० फुटांत वेळ बुलेलाही नसतो आणि शिकाऊ पोरालाही नसतो.

हिशोब करा. ऑटोत हेलिकॉप्टर मिनिटाला साधारण दीड हजार फूट उतरतं. सेकंदाला २५ फूट. जमिनीपासून पन्नासेक फुटांवर आलं की नाक वर करून पुढचा वेग मारायचा, हा फ्लेअर. मग नाक सरळ करायचं, आणि पंख्यात जी घुमण साठलीय ती कलेक्टिव्ह वर ओढून खर्चायची. ती घुमण म्हणजे घरात उरलेलं शेवटचं तांब्याभर पाणी समजा. वरच सांडलं तर खाली कोरडं, आणि हेलिकॉप्टर धोंड्यासारखं येतं. फ्लेअरला उशीर झाला तर शेपूट आधी टेकते.

आता माझी गोष्ट. तळ सांगत नाही, सालही नाही. मार्च महिना होता. शेजारी एक तरुण कॅप्टन, हुशार पोरगं, हात एकदम हलका. साडेसातपासून आम्ही ऑटो करत होतो. सहा केले, सहाही चांगले. समोरून दहा नॉटचा, म्हणजे ताशी साडेअठरा किलोमीटरच्या आसपासचा वारा होता. समोरचा वारा ही फुकटातली मदत, जमिनीवरचा वेग कमी होतो. मनात म्हणलं, झालं, चहाला जाऊ. पण घड्याळ बघितलं तर आणखी एकापुरता वेळ होता. "वन मोर?" पोरगं हसलं.

नऊ वाजून गेले होते. मार्चात नवाच्या पुढं सकाळचा वारा पडतो आणि मग कुठूनही येतो. माझ्या आईला हे ठाऊक होतं. ज्वारी उफणायला तिवईवर उभी राहायची आणि वारा फिरला की पाटी खाली ठेवून पदरानं तोंड पुसायची. "एवढी एक पाटी करून टाकू" असं तिच्या तोंडून कधी ऐकलं नाही, ढग आलेला असला तरी. वाऱ्याची पिशवी, विंडसॉक, माझ्या डाव्या हाताला होती. मी तिकडं बघितलं नाही. सहा वेळा बघून झालं होतं ना.

सातव्या वेळी वारा मागून होता. फार नाही, चार-पाच नॉट. पण दहा समोरून आणि पाच मागून म्हणजे पंधराचा फरक पडला, आणि तो जमीन जवळ आल्यावर डोळ्याला कळतो. जमीन नेहमीपेक्षा जोरात पळायला लागली. पोरगं दचकलं, त्यानं फ्लेअर लवकर केला, वरच्या वर. मला दिसलं. परत सांगतो, मला दिसलं होतं. आणि मी थांबलो.

कामून थांबलो? विहिरीवर पोहायला शिकवणाऱ्याला विचारा. पाठीला डबा बांधून पोरगं आत सोडलं की ते गटांगळ्या खाणारच. पहिल्याच गटांगळीला काका आत उडी टाकायला लागला तर ते पोर जन्मात पोहत नाही. फार वेळ काठावर बसला तर पोर हाती लागत नाही. मधे कुठंतरी रेघ असते आणि ती प्रत्येक पोराची निराळी. मी त्या कॅप्टनची रेघ सहा चांगल्या उतरणींवरून आखून ठेवली होती. सातव्याला ती रेघ हलली होती.

त्यानं तीसेक फुटांवर कलेक्टिव्ह ओढला. तांब्या तिथंच रिकामा. मी "आय हॅव कंट्रोल" म्हणलं तेव्हा २० फूट राहिले असतील. नियम असा की एकानं म्हणायचं माझ्याकडं, दुसऱ्यानं हात काढून म्हणायचं तुमच्याकडं, पहिल्यानं परत म्हणायचं माझ्याकडं. वर हजार फुटांवर हे छान जमतं. २० फुटांवर त्याचा हात दांडा वर ओढतोय, माझा खाली दाबतोय, एका जुवाला दोन बैल दोन दिशेला.

इंजिन चालूच होतं. तुम्ही विचारलंत ना, चालू इंजिनानं कसं पडतं, ते असं. सरावात इंजिन आयडलवर ठेवतात, बंद करत नाहीत. पण आयडलवरचं इंजिन हाक मारली की धावत येत नाही. मोटारीला स्विच टाकल्यापासून पूर्ण फेऱ्यांवर यायला किती वेळ लागतो ते तुम्ही रोज बघता. तेवढा वेळ आमच्या हातात नव्हता.

आपटलो. चेतकच्या चाकांचे पाय फाकले, पाती वाकून शेपटीला लागली. आवाज आठवत नाही. वास आठवतो, केरोसीनचा. इंधनाची कळ आधी बंद केली की बॅटरी, तेही आठवत नाही, पण दोन्ही बंद सापडल्या. पोरगं आपल्या पायानं बाहेर गेलं आणि गवतावर बसून हसायला लागलं, थांबेचना. माझा मणका दबला, एल-१, म्हणजे कमरेचा पहिला. हेलिकॉप्टरवाल्यांचा तो ठरलेला मणका आहे. थंडीत अजून हजेरी देतो.

चौकशी झाली. कागदावर आलं की प्रशिक्षकानं नियंत्रण घ्यायला उशीर केला, अंदाजाची चूक. बरोबरच आहे, मी सही केली. पण चौकशीला बसलेल्या एका मेजरनं एक प्रश्न विचारला होता, तो कागदावर आला नाही. उंची नाही, वेग नाही. म्हणाला, "सहाव्यानंतर उतरणार होता ना? मग सातवा कुणी ठरवला?" त्या घटकेपर्यंत मला वाटत होतं माझा अंदाज २० फुटांवर चुकला. तो चुकला होता हजार फुटांवर, घड्याळ बघताना.

पाच हजार तासवाल्यांचं तुम्ही विचारलंत. नवख्याला धोका दिसत नाही. जुन्याला दिसतो, पण त्याला वाटतं अजून वेळ आहे, कारण आजवर प्रत्येक वेळी होता.

मांजराकाठ

साहेब, दोनदा वाचलं. दुकानातल्या पोरालाही वाचून दाखवलं. पंख्याचं पटलं, विहिरीचं तर अगदीच पटलं. माझ्या चुलत्यानं मला असंच ढकललं होतं, आणि त्यांनी तिसऱ्या गटांगळीलासुद्धा उडी टाकली नव्हती, दोर टाकला होता.

पण तिसरं अजून पटत नाही. सरावातच माणसं मोडायला लागली तर सराव करायचा कशासाठी? खरोखर इंजिन बंद पडेल तेव्हा बघू की.

गोदाकाठची

मी बोलू का? मी नांदेडची. चार वर्षांपूर्वी लायसन्स काढलं, सध्या चार्टरवर उडते. काकांचं हेलिकॉप्टर जड पंख्याचं, आमचं शिक्षण हलक्यावर झालं, त्यामुळं थोडं वेगळं सांगते.

शाळांमध्ये बहुतेक ठिकाणी रॉबिन्सन असतात, दोन पात्यांची. त्यातलं सगळ्यात छोटं आर-२२, दोन माणसं आणि पेट्रोल धरून जास्तीत जास्त ६२२ किलो. म्हणजे मोकळ्या मारुती ८०० पेक्षाही कमी. पंखा हलका, त्यामुळं काका म्हणतात ती घुमण फारच थोडी. इंजिन गेलं आणि "अरे काय झालं" असं मनात म्हणेपर्यंत दांडा खाली गेला नाही, तर पंखा इतका मंदावतो की पुन्हा वेग घेतच नाही. तिथून पुढं कुठलाही उपाय नाही. म्हणून सराव. हातानं डोक्याच्या आधी काम करायला शिकावं लागतं, आणि ते पुस्तकातून येत नाही. अमेरिकेनं १९९५ मध्ये आर-२२ आणि आर-४४ साठी खास नियम केला, त्यात हेच शिकवणं सक्तीचं आहे: पंख्याचा वेग, त्यातली साठलेली ताकद, ती कशी जाते.

मात्र सराव दोन तऱ्हांनी होतो. एकात फ्लेअरनंतर जमिनीच्या थोडं वर इंजिनाची ताकद परत घेऊन हेलिकॉप्टर हवेत तरंगत ठेवतात, पॉवर रिकव्हरी. दुसऱ्यात थेट जमिनीपर्यंत इंजिनाशिवाय जायचं. दुसऱ्यात खरं शिकायला मिळतं आणि यंत्रंही त्यातच मोडतात. कुठलं किती करावं यावर जगभर मास्तर लोकांचं भांडण आहे. तुमच्या मुलीला विचारा, तिच्याकडे काय करतात आणि कुठल्या उंचीला सर हात दांड्यावर ठेवतात. पोरगी भडाभडा बोलेल बघा. आम्हाला "कशी आहेस, जेवलीस का" विचारणारे खूप असतात, हे कुणी विचारत नाही.

आता काकांशी थोडं भांडते. लष्करात सातवा ऑटो मास्तर ठरवत असेल. बाहेर तो पुष्कळदा विद्यार्थी ठरवतो. लायसन्सला १५० तास लागतात आणि प्रत्येक तासाला पैसे. पावसाळ्यात दहा दिवस बसून काढलेले असतात, घरी रोज फोनवर "किती तास झाले" विचारतात. ऊन पडलं की आपणच म्हणतो, सर अजून एक करू. मी म्हणलेय. माझ्या सरांनी एकदा हेल्मेट काढून मांडीवर ठेवलं आणि म्हणाले, उतर. दोन दिवस मी त्यांच्याशी बोलले नव्हते.

मांजराकाठ काका, "किती तास झाले" हे विचारणं जरा कमी करा. बाकी तुम्ही ठीक आहात.

बालाघाटचा म्हातारा

ताई, मान्य. आमच्याकडं पगार चालू असायचा, तास कुणी मोजत नव्हतं. हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं.

निलंगा मोंढा

मी फक्त एवढंच विचारतो की आमच्या निलंग्यात २५ मे २०१७ ला मुख्यमंत्री फडणवीस साहेबांचं हेलिकॉप्टर उडाल्या उडाल्या खाली आलं ना, तारांत अडकून, ते पण असंच का? सगळे सुखरूप निघाले, देवाची कृपा. मी तेव्हा अडतीवर होतो, गाव सगळं तिकडं पळालं. तेव्हापासून गावात कुणाच्या लग्नाला हेलिकॉप्टर येणार म्हणलं की म्हातारी माणसं आधी तारा बघतात.

बालाघाटचा म्हातारा

ते वेगळं. ती शिकवणी नव्हती, आणि त्या दिवशी कॉकपिटमध्ये काय घडलं यावर मी इथं बसून बोलणार नाही. पण मे महिना आणि आपला भाग यावर बोलतो, कारण ताईंसारख्यांना इकडं उडायला यावं लागतं.

लातूर भाग समुद्रसपाटीपासून दोनेक हजार फूट वर आहे. दुपारी ४२ अंशाला हवा इतकी पातळ होते की हेलिकॉप्टरला आपण साडेपाच-पावणेसहा हजार फुटांवर आहोत असं वाटतं. कळसूबाई ५,४०० फूट. म्हणजे मोंढ्याच्या मैदानात उभं असलेलं हेलिकॉप्टर त्याच्या स्वतःच्या हिशोबानं कळसूबाईच्या डोक्यावर उभं असतं. पात्यांना धरायला हवा कमी, इंजिनाला श्वास कमी. त्यात चुना मारून केलेलं हेलिपॅड, पाणी शिंपडलं तर शिंपडलं, धुरळा आणि चहूबाजूनं तारा. सकाळी सातला चार माणसं उचलणारं यंत्र दुपारी दोनला तीन उचलायलाही कुरकुरतं. चौथ्याला "तुम्ही गाडीनं या" सांगायची हिंमत वैमानिकाकडं पाहिजे. चौथा बहुतेक वेळा नेता असतो.

आणि पावसाळ्यात दुसरंच. चीताला चाकं नसतात, स्किड असतात, लोखंडी घसरपट्टीसारखे. ओल्या काळ्या मातीत एक स्किड रुतला आणि वैमानिकानं जोर लावून वर ओढलं, तर एक बाजू उचलते, दुसरी चिकटून राहते, आणि हेलिकॉप्टर रुतलेल्या पायाभोवती उलटं होतं. दोन सेकंद. उपाय एकच, कलेक्टिव्ह खाली. वर ओढायचा मोह होतो तिथंच खाली सोडायचं. आपल्या मातीत बैलगाडी रुतली की आधी बैल मारू नका, आधी थांबा म्हणतात, ते आठवायचं. आमच्या एका जोडीदाराला हे आठवलं म्हणून तो आज नातू खेळवतोय.

जालन्याचा पावणा

काका, मी आपला ऑटोपायलटच समजत होतो. माफी असावी. लेकीला परत आणा म्हणलो तेही मागं घेतो, पण पूर्ण नाही, निम्मं.

मांजराकाठ

मंडळी, चार दिवस आलो नाही. काल रात्री मुलीशी बोललो, पाऊण तास. एवढं ती दहावीच्या निकालाला पण बोलली नव्हती.

नांदेडच्या ताईंनी सांगितलं तसंच विचारलं. म्हणलं, तुमच्यात पॉवर रिकव्हरी करतात का थेट खाली? सर हात कुठल्या उंचीला ठेवतात? ती गप्पच झाली. मग म्हणाली, "पप्पा, तुम्हाला हे कुणी सांगितलं?" मग सुटली.

साहेब, तुमचा हिशोब इथं बसला नाही. सातवा-बितवा काही नव्हता, दिवसाचा पहिलाच होता. वारा पण समोरून होता. झालं असं, की धावपट्टीवर दुसरं विमान होतं, म्हणून त्यांना बाजूच्या गवतावर करा म्हणून सांगितलं. तिथं ते नेहमीच करायचे. पण पंधरा दिवस पाऊस होता, उड्डाण बंद, आणि गवत कुणी कापलं नव्हतं. एरवी वीतभर असतं ते मांडीला लागायलं होतं. सरांच्या डोळ्यात वीतभराचं गवत बसलेलं. वरून बघताना गवताचं पातं मोठं दिसलं, म्हणून जमीन जवळ आलीय असं वाटलं. त्यांनीच पोरीला "आता, आता" म्हणून फ्लेअर करायला लावला, आणि जमीन अजून खाली होती. पोरीचं चुकलंच नव्हतं. आणि ती पोरगी दवाखान्यात पडल्या पडल्या म्हणत राहिली की माझ्यामुळं झालं. मुलगी गप्प होती ती त्यासाठी. मैत्रिणीला काय सांगावं ते तिला कळेना.

सर दवाखान्यात गेले आणि सगळ्यांसमोर म्हणाले, मी म्हणालो म्हणून तिनं केलं. हे सांगताना मुलगी रडली.

आणखी एक. तिनं स्वतः जाऊन त्या मैदानाचा फोटो काढला, काठी धरून, किती गवत आहे ते दाखवायला. मला पाठवला. काठीवर खुणा केल्यात. रिवायंडिंगवाल्याची पोर आहे.

मंगळवारी सकाळी सातला तिची सॉर्टी, म्हणजे उड्डाणाची फेरी आहे, नवीन सरांबरोबर. आईला सांगितलं, ती जेवली. थोरल्या बंधूंना अजून सांगितलेलं नाही.

बालाघाटचा म्हातारा

गवत. मला सुचलं नसतं हो. इतकी वर्षं उडवलं, शिकवलं, आणि उंची आपण जमिनीवरून नाही, गवतावरून मोजतो हे कधी शब्दात मांडलं नाही. ताई, हे तुम्हीही लिहून ठेवा. पाण्यावर उंचीचा अंदाज फसतो हे सगळ्यांना माहीत असतं, नांगरलेल्या रानाचंही, पण वाढलेल्या गवताचं कुणी सांगत नाही.

तो काठीचा फोटो मुलीनं चौकशीला येणाऱ्या माणसाला द्यावा. गवत कापलं जाईल, फोटो राहील. मागितला नाही तरी द्यावा.

गोदाकाठची

आणि काढल्याची तारीख-वेळ दिसेल असा मूळ फोटो द्यावा, व्हॉट्सअ‍ॅपवरून पुढं आलेला नको. मैत्रिणीलाही एक पाठवायला सांगा. तिला त्याची जास्त गरज आहे.

मांजराकाठ

मैत्रिणीला तिनं आधीच पाठवलाय म्हणे. चौकशीचं आत्ता फोन करून सांगतो.

बालाघाटचा म्हातारा

औसेकर, मंगळवारी नऊच्या आत इथं एक ओळ टाका. मी बागेत असतो त्या वेळी, पण फोन खिशात असतो.